विंडहुक ते व्हिक्टोरिया फॉल्स, तंबूतून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामिबिया आणि बोट्सवाना गाइडसोबत, कॅम्पिंग करत बघायचा असं ठरवणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसकट दिले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे घाई केली तर सहलीचा विचका होतो.

साधारण मार्ग कसा असतो? किती दिवस लागतात?

विंडहुक ही नामिबियाची राजधानी. तिथून नैऋत्येला नामिब वाळवंटातलं सेस्रीम, मग अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड, तिथून दामारालँडचा खडकाळ मुलूख आणि इटोशा राष्ट्रीय उद्यान. इटोशानंतर ईशान्येला रुंडूमार्गे बोट्सवानात उतरायचं, ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, मोरेमी, सावुती आणि चोबे ही जंगलं करत कसाने हे सीमेवरचं गाव गाठायचं. झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया फॉल्स हा धबधबा तिथून गाडीने दीड-दोन तासांवर आहे.

हे सगळं नीट बघायला १८ ते २० दिवस हवेत. १२ दिवसांत सगळं बसवणारे कार्यक्रम मिळतात, पण त्यात निम्मा वेळ गाडीच्या खिडकीतून धूळ बघण्यात जातो. सुट्टी कमी असेल तर एकच देश करा. एकट्या नामिबियासाठी १२ दिवस छान पुरतात.

इतके पैसे खर्च करून जायचं तर लॉज सोडून तंबूत का राहायचं?

पैसे वाचतात हे खरं, पण माझ्या दृष्टीने ते दुय्यम कारण आहे. खरं कारण आहे वेळ, म्हणजे पहाटेचा आणि रात्रीचा.

सेस्रीमचं उदाहरण घ्या. लाल वाळूच्या प्रसिद्ध टेकड्या फाटकापासून लांब आहेत. ‘ड्यून ४५’ हे नावच मुळी फाटकापासूनच्या ४५ किलोमीटरवरून पडलंय. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. आतल्या सरकारी कॅम्पमध्ये मुक्काम असेल तर आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. त्या एका तासात तुम्ही टेकडीच्या पायथ्याशी पोचता, अर्धी चढता, आणि ऊन पहिल्यांदा धारेवर पडतं तेव्हा एका बाजूला केशरी आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काळी अशी वाळू समोर असते. बाहेरच्या आलिशान लॉजमधले पाहुणे त्या वेळी फाटकापाशी रांगेत असतात.

इटोशातही तेच. ओकाउकुएजो कॅम्पला लागूनच एक पाणवठा आहे, त्यावर रात्रभर पिवळसर उजेड सोडलेला असतो. दगडी भिंतीमागे बाकं आहेत. जेवण झालं की जॅकेट घालून तिथे जाऊन बसायचं, बोलायचं नाही. दुर्मिळ काळे गेंडे तिथे रात्री पाण्यावर येतात. पाण्यात दुसरा गेंडा आधीच उभा असेल तर फुरफुर, थोडी ढकलाढकली, मग दोघंही पितात आणि पाण्यात त्यांची उलटी प्रतिबिंबं हलत राहतात. तंबू तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर असला की रात्री अकरालाही बसता येतं आणि पहाटे चारला उठूनही येता येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं, दिवाळीत की नाताळात?

आपल्याकडे धो-धो पाऊस असतो तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो. मे ते ऑक्टोबर कोरडे महिने, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे. सगळं नियोजन यावर ठरतं.

मे महिन्यात पाऊस नुकताच सरलेला असतो. हवा स्वच्छ, दिवसा सुखद. गवत मात्र अजून उंच असतं आणि पाणी ठिकठिकाणी असल्यामुळे प्राणी पांगलेले असतात. व्हिक्टोरिया फॉल्स या काळात इतका भरलेला असतो की उडणाऱ्या तुषारांमुळे खुद्द धबधबाच काही जागांवरून दिसत नाही.

जून-जुलैत नामिब आणि कालाहारीच्या पट्ट्यात रात्री पारा शून्याजवळ जातो, कधी खालीही. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ असं धरून चालणाऱ्यांची इथेच फजिती होते. ओकावांगोला मात्र याच काळात पूर येतो, आणि तोही कोरड्या ऋतूत. अँगोलाच्या डोंगराळ भागात आपल्या हिवाळ्यात पडलेला पाऊस सपाट जमिनीवरून सरकत सरकत काही महिन्यांनी इथे पोचतो, पसरतो आणि समुद्राला न मिळताच आटतो, जिरतो. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं १००० वं स्थळ म्हणून २०१४ मध्ये या प्रदेशाची नोंद झाली.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येते त्या वर्षी प्राणी बघायला सर्वोत्तम आणि राहायला सर्वांत अवघड काळ मिळतो. पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, सगळे प्राणी तिथे गोळा होतात. पण पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी तंबूत बसवत नाही. धबधबा बारीक झालेला असतो, झांबियाच्या बाजूला तर बराचसा नुसता काळा कडाच दिसतो.

नाताळात पाऊस. मोरेमी आणि सावुतीकडच्या चिकट काळ्या मातीत गाड्या रुततात. पक्षीप्रेमींनी मात्र याच काळाचा जरूर विचार करावा. नागालँडमध्ये लाखोंनी उतरणारे आणि लोणावळ्याच्या पठारांवरही नोव्हेंबर-डिसेंबरात दिसून जाणारे अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात पोचतात, ते याच दिवसांत.

माझी शिफारस विचाराल तर मे अखेर ते जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबर. गणपती लवकर आले असतील तर विसर्जन करून निघा. थंडी ओसरलेली असते, उन्हाळा पेटलेला नसतो.

रात्री प्राणी तंबूत शिरले तर?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, काही जण उघडपणे, काही बाजूला घेऊन.

नामिबियातल्या इटोशासारख्या उद्यानांत कॅम्पला कुंपण आहे. बोट्सवानातल्या मोरेमी, सावुती, चोबेच्या सार्वजनिक कॅम्पना नाही. तिथे हत्ती, तरस, क्वचित सिंहसुद्धा तंबूंमधून जातात. हे लपवून ठेवणाऱ्या आयोजकासोबत जाऊ नका. बंद तंबू ही त्यांच्या दृष्टीने एक मोठी, निरुपद्रवी वस्तू असते. धोका येतो तो माणूस नियम मोडतो तेव्हा.

नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. झोपताना सगळ्या झिप पूर्ण बंद, उकडत असलं तरी जाळीचीही. तंबूत खाण्याचा कण नको, बिस्किट नाही, चिक्की नाही, सुवासिक साबण आणि टूथपेस्टही गाडीत. संत्री-मोसंबी तर बाळगूच नका, हत्तींना त्यांचा वास लांबून येतो. बूट आत घ्या, कारण तरस चामडं चावत पळवून नेतात; सकाळी घालण्याआधी ते झटकून घ्या, विंचू असू शकतो. जेवण झालं की शेकोटीपासून तंबूपर्यंत टॉर्च चौफेर फिरवत जायचं, आणि मध्यरात्री बाहेर पडायची वेळ आलीच तर आधी झिप थोडी उघडून उजेड टाकायचा. डोळे चमकले तर आत थांबायचं. लघवीची कितीही घाई झाली तरी थांबायचं! त्यासाठी रुंद तोंडाची एक रिकामी बाटली तंबूत ठेवणं हा साधा उपाय जुने जाणते सांगतात, बायकांसाठी त्याला जोडायचं नरसाळंही मिळतं.

हत्ती आला तर कळतही नाही, इतके त्याचे पाय मऊ पडतात. कळतं ते आवाजावरून. पोटातली घरघर ऐकू येते, आणि बाभळीच्या जातीच्या झाडाखाली पडलेल्या शेंगा तो सोंडेने एकेक करून उचलतो तेव्हा होणारी खसखस. अशा वेळी टॉर्च लावू नका, फोटो काढायला झिप उघडू नका. तो तंबूच्या दोऱ्या ओलांडून निघून जाईल. लहानपणापासून जंगल ऐकत आलेल्या मला हा अनुभव या साऱ्या सहलीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

शौचालय आणि अंघोळीचं काय?

नामिबियात बहुतेक कॅम्पवर टाइल लावलेली स्वच्छ न्हाणीघरं आणि गरम पाणी असतं. बोट्सवानातल्या सार्वजनिक कॅम्पवरही सोय आहे. सावुतीचं न्हाणीघर बघण्यासारखं आहे: पाण्याच्या वासाने हत्ती पाइप उखडत, म्हणून सगळ्या इमारतीभोवती किल्ल्यासारखी जाड भिंत घातली आहे.

खासगी रानकॅम्पमध्ये खड्ड्याचं शौचालय आणि झाडाला टांगलेल्या बादलीचा शॉवर. बादलीत साधारण वीसेक लिटर पाणी, शेकोटीवर तापवलेलं. पुरतं. मासिक पाळीसाठीचं सामान घरूनच न्या, वापरलेलं कागदी पिशवीत बांधून गाडीतल्या कचऱ्यात टाका, रानात पुरू नका, प्राणी उकरतात.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि ‘शाकाहारी’ म्हणजे काय ते फोडून सांगा: मासे नाही, चिकन नाही, चिकन घातलेलं सूप नाही. नामिबिया आणि बोट्सवानात मांस हेच जेवण मानतात. संध्याकाळी निखाऱ्यांवर मांस भाजण्याचा कार्यक्रम, म्हणजे ब्राय, हा तिथला सामाजिक सोहळाच असतो. मांसाहारी असाल तर कुडू किंवा ओरिक्स या हरणासारख्या प्राण्यांचं मांस चाखायला मिळेल.

शाकाहाऱ्यांच्या वाट्याला निखाऱ्यात फॉइलमध्ये भाजलेला लाल भोपळा, बटाटे, कणसं, मशरूम येतात. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेली भाजी असते, तिला पोइकी म्हणतात, आणि ती खरोखर चविष्ट लागते. सोबत पॅप, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची आपल्या तांदळाच्या उकडीसारखी घट्ट शिजवलेली उकड. लसणाची कोरडी चटणी किंवा शेंगदाण्याची चटणी सोबत असेल तर पॅप आवडायला लागतो.

थेपले, भाजके पोहे, मेतकूट, लाडू, तयार उपम्याची पाकिटं न्या, सीलबंद आणि लेबलसकट. मांसाचे पदार्थ, ताजं दूध-तूप, बिया, ताजी फळं नेऊ नका. बोट्सवानाच्या हद्दीवर आणि आतल्या नाक्यांवरही लाळ्या-खुरकुत रोगामुळे कच्चं मांस आणि दुधाचे पदार्थ तपासतात, बुटांचे तळवे औषधी पाण्यात बुडवायला लावतात. चेष्टेवारी नेऊ नका. या देशांची गुरं हीच अनेक कुटुंबांची पुंजी आहे. डाळी, तांदूळ, मसाले विंडहुकच्या सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात.

तंबू आम्हीच लावायचे का?

दोन प्रकार आहेत. ‘सहभागी’ सहलीत तंबू लावणं, भांडी घासणं, भाज्या चिरणं आळीपाळीने सगळ्यांकडे असतं. गाइड शिकवतो, जाड कॅनव्हासचा तंबू दोघांना दहा मिनिटांत लागतो. ‘पूर्ण सेवा’ प्रकारात स्वयंपाकी आणि मदतनीस पुढे जाऊन सगळं मांडून ठेवतात. पहिला प्रकार स्वस्त आहे, आणि गटातल्या माणसांची ओळखही त्यातच लवकर होते.

गाडी कोणती असते? रोज किती प्रवास?

मोठ्या गटासाठी ट्रकवर बांधलेली उंच बस, लहान गटासाठी लँड क्रूझरसारखी फोर बाय फोर. नामिबियात मुख्य रस्ते सोडले तर बहुतेक सगळे खडीचे. विंडहुक ते सेस्रीम सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पण दिवस त्यातच जातो. वाटेत सॉलिटेअर नावाच्या चिमुकल्या वस्तीत अॅपल पाय खायला सगळे थांबतात. जवळच मकरवृत्ताची पाटी आहे. धूळ बॅगेच्या झिपमधूनही आत जाते, कॅमेरा आणि औषधं झिपलॉक पिशवीत ठेवा. कंबरदुखी असेल तर पट्टा न्याच.

ताडोबात सफारी केली आहे. यात वेगळं काय?

ताडोबात फेरीची वेळ ठरलेली असते आणि मन वाघावर लागलेलं असतं. इथे देश उघडा आहे, नजर लांबवर जाते आणि प्राणी कळपांनी दिसतात. २०२२ च्या हवाई गणनेत एकट्या बोट्सवानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आढळले. चोबे नदीवर दुपारच्या बोटफेरीत ते पिल्लांसकट पोहत पलीकडे जातात, फक्त सोंडा पाण्यावर. मोरेमी रानकुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे.

‘बिग फाइव्ह’ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी घेऊन मात्र येऊ नका. इटोशात रानम्हशी, पाणघोडे, मगरी नाहीतच. गाइडला यादी पुरी करायला लावलं की तो वायरलेसवर ऐकून एका सिंहाकडून दुसऱ्याकडे गाडी पळवत राहतो, आणि एका पाणवठ्यावर दोन तास थांबून जे दिसतं ते हुकतं. थांबायला सांगा. आधी स्प्रिंगबोक येतात, मग झेब्रे, मग जिराफ बराच वेळ घाबरत घाबरत पाय फाकवून वाकतो. सगळे एकदम मान वर करून एकाच दिशेला बघू लागले की गाइडने काही सांगायची गरज उरत नाही.

वाळवंटात वाळूशिवाय बघायचं काय?

पुष्कळ. सेस्रीमच्या फाटकातून आत गेल्यावर लागणाऱ्या डेडव्लेईच्या पांढऱ्या मातीच्या खोलगट तळात काही शतकांपूर्वी मेलेली झाडं अजून उभी आहेत. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. वाहनतळापासून किलोमीटरभर वाळूतून चालावं लागतं. सकाळी नऊच्या आत परत फिरा.

किनाऱ्यावर बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्यामुळे इथे पाऊस जवळजवळ पडत नाही, पण धुकं येतं, आणि सारं जीवन त्या धुक्यावर चालतं. इथला एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या धारेवर चढून डोकं खाली, पार्श्वभाग वर करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवरून ओघळत तोंडात येतात. वेल्विच्चिया नावाची वनस्पती आयुष्यभर फक्त दोनच पानांवर जगते. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. चांगला गाइड गुडघ्यावर बसून वाळूतला साप, सरडा, भुंगेरा यांच्या रात्रीच्या खुणा वाचून दाखवतो. पुढे दामारालँडमध्ये ट्वायफेलफोंटेनला दगडांवर कोरलेले जिराफ, गेंडे आणि सिंह आहेत. २००७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत.

कुनोत आलेले चित्ते इथलेच ना?

१७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचे. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेले १२ दक्षिण आफ्रिकेचे. नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानांबाहेर, खासगी गुरं पाळणाऱ्यांच्या जमिनींवर राहतात, म्हणून तिथलं संवर्धन म्हणजे शेतकऱ्याशी जमवून घेणं. ओत्जिवारोंगोजवळ १९९० मध्ये सुरू झालेलं चीता कन्झर्वेशन फंडचं केंद्र शेतकऱ्यांना कळप राखणारी मोठी कुत्री देतं. कुत्रा भुंकला की चित्ता बहुधा निघून जातो, बंदूक चालवावी लागत नाही. इटोशाकडे जाताना थोडं वळण घेऊन हे केंद्र जरूर बघा.

हिंबा या वायव्य नामिबियातल्या पशुपालक जमातीच्या वस्तीत जावं का?

फोटोसाठी रस्त्याकडेला मांडलेल्या वस्तीत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाइडची तिथे खरी ओळख असेल, पैसे किंवा धान्य कोणाच्या हाती जातं हे तो सांगू शकत असेल, तर जा. बसा, त्यांनाही तुम्हाला प्रश्न विचारू द्या. परवानगीशिवाय फोटो नको, मुलांना गोळ्या वाटणं नको.

स्वाकोपमुंडची जर्मन धाटणीची घरं बघताना हेही माहीत असू द्या, की १९०४ ते १९०८ दरम्यान जर्मन वसाहतवादी फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि या शहरातही कैद्यांची छावणी होती. जर्मनीने २०२१ मध्ये त्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली. गावाच्या कडेला बिनानावाच्या कबरींच्या रांगा आहेत. गाइडला तिथे न्यायला सांगा.

आई-बाबांना किंवा मुलांना नेता येईल?

वयापेक्षा गुडघे महत्त्वाचे. जमिनीवरच्या गादीवरून रात्री उठता येतं का आणि ट्रकची शिडी चढता येते का, हे घरीच करून बघा. नसेल जमत तर खाट असलेले उंच तंबू मिळतात. लहान मुलांना अनेक आयोजक घेत नाहीत, विशेषतः कुंपण नसलेल्या कॅम्पवर, आणि ते योग्यच आहे. १८ खालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला न्या. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही.

लशी, मलेरिया, विमा?

नामिब आणि किनाऱ्यावर मलेरियाची चिंता नाही. उत्तर नामिबिया, उत्तर बोट्सवाना आणि व्हिक्टोरिया फॉल्सला आहे, पावसाळ्यात जास्त. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना आधी सांगा.

आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ही लस मोजक्या मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.

विम्यात विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला असायलाच हवा. मोरेमीतून चांगलं रुग्णालय फार लांब आहे.

व्हिसा आणि पैसे?

मार्गातल्या प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा बघावा लागतो आणि नियम बदलतात, त्यामुळे दूतावासाच्या संकेतस्थळावरच खात्री करा. एका देशात परत शिरायचं असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा घ्या. पासपोर्टमध्ये सहा कोरी पानं ठेवा. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचा रँड चालतो, नामिबियन डॉलरच्या बरोबरीने. उलट मात्र होत नाही, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर तिथेच संपवा. बोट्सवानात पुला.

सामान किती? चार्जिंग कुठे?

चाकांची कडक सुटकेस नको, मऊ डफल बॅग हवी, १२ ते १५ किलोंपर्यंत. स्लीपिंग बॅग शून्य अंशाला पुरेल अशी. कानटोपी, लोकरी मोजे, पातळ कपड्यांचे थर. कपड्यांचे रंग मातकट असू द्या; गडद निळा आणि काळा टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात. हेड टॉर्च, जास्तीच्या बॅटऱ्या, दुर्बीण प्रत्येकाची वेगळी. प्लास्टिकच्या पिशव्यांना नामिबियाच्या उद्यानांत बंदी आहे, ड्रोनला परवानगीशिवाय कुठेच थारा नाही.

नामिबियात घरच्या गीझरसारखी मोठी तीन गोल पिनांची प्लग चालते; बोट्सवाना आणि व्हिक्टोरिया फॉल्सला चौकोनी पिनांचीही असते, म्हणून अडॅप्टर सोबत ठेवा. गाडीतही चार्जिंग असतं, पण सगळ्यांचे फोन एकदम नाही.

आयोजक निवडताना काय विचारावं?

गाइडकडे त्या देशाचा परवाना आहे का, सोबत सॅटेलाइट फोन असतो का, गटात जास्तीत जास्त किती जण, सेस्रीमला मुक्काम फाटकाच्या आत की बाहेर, आणि मोरेमीत किती रात्री. शेवटच्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर आलं नाही तर दुसरा आयोजक बघा. टिप गाइड आणि स्वयंपाकी यांना वेगवेगळ्या पाकिटांत द्यायची असते, तीही आधी विचारून बजेटमध्ये धरा. आतल्या कॅम्पच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे जून किंवा सप्टेंबरसाठी आठ-दहा महिने आधी नाव नोंदवा.